वाय गुणसूत्रावरील जनुककुले आणि पुरुषवंध्यत्वातील साध्यासाध्यविचार

गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार घटकांचे सामग्र्य सुश्रुताचार्यांनी आवश्यक मानले आहे, हे आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. व्यवहारात मात्र या चारांपैकी बीजाचा, त्यातही पुरुषबीजाचा, विचार फार थोडक्यात आटोपला जातो. दांपत्य चिकित्सालयात येते. स्त्रीच्या तपासण्यांची जाडजूड फाइल सोबत असते आणि पुरुषाच्या नावाचा रेतपरीक्षणाचा एकच कागद त्या फाइलच्या शेवटी कोठेतरी सापडतो. त्या कागदावर ‘शुक्राणुसंख्या अल्प’ असे असो वा ‘शुक्राणू आढळले नाहीत’ असे असो, आपल्या लेखणीतून बहुधा एकच निदान उतरते ते शुक्रक्षयाचे, आणि एकच उपक्रम ठरतो तो वाजीकरणाचा. या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. काही पुरुषांत शुक्रधातूचे पोषण कमी पडलेले नसते, तर शुक्राणू घडविण्याची जी मूळ आज्ञावली पित्याकडून पुत्राला मिळते तिचा एक तुकडाच जन्मतः नाहीसा झालेला असतो. हा तुकडा कोठे असतो, तो का गळतो आणि तो गळला आहे हे कळल्यावर वैद्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाय गुणसूत्राचा शोध तसा जुना. १९०५ साली अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठात होणाऱ्या टेनेब्रिओ नावाच्या किड्याचे शुक्राणू तपासले, तेव्हा निम्म्या शुक्राणूंत एक गुणसूत्र इतरांपेक्षा फारच लहान असल्याचे आणि त्यांपासून नर उपजत असल्याचे तिच्या ध्यानात आले. मानवात पुरुषत्वाचा निर्णय वायमुळेच होतो हे निश्चित व्हायला १९५९ साल उजाडावे लागले, आणि तो निर्णय करणारे एसआरवाय हे नेमके जनुक हाती लागले ते १९९० मध्ये, लंडन येथील संशोधकांच्या. येथे अनेकांच्या मनातील वायची कथा संपते. लिंगनिश्चिती करणारे एक जनुक आणि बाकी सारी ओसाड जमीन, असेच चित्र पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांतूनही होते. ‘वाय हळूहळू नष्ट होणार’ अशा आशयाचे सनसनाटी लेख वृत्तपत्रांत अधूनमधून येतात, त्यांचे मूळही याच समजुतीत आहे. त्या भाकितात फारसा अर्थ नाही. रीसस माकडाच्या वायशी मानवी वायची तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी दोन्ही वंश विभक्त झाल्यापासून वायच्या जुन्या मूळ जनुकांपैकी मानवाच्या बाजूने अवघे एकच गळाले आहे.

चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाचा धागा मात्र वेगळा आहे, आणि तो १९७६ सालापासून सुरू होतो. इटलीतील टिएपोलो आणि झुफार्डी या दोघांनी वंध्यत्वासाठी आलेल्या ११७० पुरुषांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांपैकी ६ जणांच्या वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचे टोक तुटलेले होते, आणि या सहाही जणांच्या रेतात शुक्राणू नव्हते. त्यावरून लांब भुजेवर शुक्राणुनिर्मितीसाठी आवश्यक असे काहीतरी असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले व त्या अज्ञात वस्तूला एझेडएफ, म्हणजे अशुक्राणुतेचा घटक, असे नाव दिले. लक्षणावरून कारणाचे अनुमान करण्याचा हा मार्ग आपणांस अपरिचित नाही. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड पेज यांच्या गटाने अशुक्राणुता असलेल्या ८९ पुरुषांची डीएनए-परीक्षा केली. त्यांपैकी १२ जणांत वायचा एक तुकडा नव्हता, आणि त्या हरवलेल्या तुकड्यात एक जनुक सापडले. त्याचे नाव डीएझेड. १९९६ मध्ये जर्मनीतील फोग्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रदेश ए, बी आणि सी अशा तीन भागांत विभागला. आजही तपासणीच्या अहवालात हीच तीन अक्षरे येतात.

या साऱ्याचा उलगडा २००३ साली झाला. एका पुरुषाच्या वायचा तपशीलवार नकाशा त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात वायच्या पुरुषविशिष्ट भागावर प्रथिने घडविणारी ७८ जनुके मोजली गेली. परंतु त्यांपासून होणारी भिन्न प्रथिने मात्र २७ च. याचा अर्थ उघड आहे. बरीचशी जनुके म्हणजे एकाच जनुकाच्या पुनःपुन्हा लिहिलेल्या प्रती आहेत. यांपैकी सुमारे ६० प्रती केवळ ९ कुलांत विभागलेल्या आहेत, आणि ही नऊही कुले प्रामुख्याने किंवा केवळ वृषणातच कार्य करतात. जणू शरीराने शुक्रनिर्मितीची सामग्री वेचून एका ठिकाणी साठविली आणि प्रत्येक वस्तूच्या अनेक प्रती करून ठेवल्या.

अनेक प्रती का, हे समजल्याशिवाय पुढचे निदान समजणार नाही. म्हणून येथे थोडे थांबू.

शरीरातील इतर गुणसूत्रे जोडीने असतात. एकात दोष आला तर बीजनिर्मितीच्या वेळी दुसऱ्याशी देवघेव करून तो मागे टाकता येतो. वायला जोडीदार नाही. टोकांचा थोडा भाग सोडला तर सुमारे ९५ टक्के लांबीवर तो एकटाच असतो आणि बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. घरात एखाद्या ग्रंथाची एकच पोथी असावी आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचीच नक्कल व्हावी, तसे हे आहे. एका पिढीत कसर लागली की ती कायमची. या संकटावर वायने काढलेला उपाय मोठा विलक्षण आहे. त्याच्यावर ८ ठिकाणी अशी रचना आहे की एक लांबलचक मजकूर एकदा सरळ आणि लगेच पुढे उलट्या क्रमाने पुन्हा लिहिलेला आहे. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य मुले उलटसुलट वाचून दाखवतात, त्याच धर्तीची ही विलोमरचना. फरक इतकाच की यातील सर्वांत मोठी रचना सुमारे २९ लाख अक्षरांची आहे, आणि तिच्या दोन भुजांमधील साम्य ९९.९७ टक्के, म्हणजे दहा हजार अक्षरांमागे तीनच अक्षरांचा भेद. हे साम्य आपोआप टिकत नाही. एका भुजेत चूक झाली की गुणसूत्र स्वतःवरच दुमडून दुसऱ्या भुजेवरून ती दुरुस्त करून घेते. घरात एकच पोथी असली तरी तिच्यातच प्रत्येक महत्त्वाचे पान दोनदा लिहून ठेवण्याची ही युक्ती आहे. आठपैकी सहा विलोमरचनांत वृषणात कार्य करणारी जनुके आहेत, हा निव्वळ योगायोग नव्हे.

परंतु ज्यांनी जुन्या हस्तलिखितांवर काम केले आहे त्यांना पुनरुक्त मजकुराचा धोका ठाऊक असेल. एका पानावर आणि चार पानांनंतर तंतोतंत सारखी ओळ आली, की लेखनिकाची नजर पहिल्या ओळीवरून उठते ती दुसऱ्या ओळीवर जाऊन पडते आणि मधली चारही पाने नकलेतून गळतात. नक्कल वाचणाऱ्याला ओळ जुळलेलीच दिसते. गळलेले कळत नाही. वायवर नेमके हेच घडते. विलोमरचनांच्या आसपास एकाच दिशेने लिहिलेले समान मजकुराचे पट्टे आहेत. पुरुषबीज तयार होताना दोन समान पट्टे एकमेकांस चिकटले, की मधला सारा भाग सुटून निघून जातो. म्हणजे जी पुनरुक्ती कुलांचे रक्षण करते तीच त्यांच्या लोपाचेही कारण होते. सी भागाचा संपूर्ण लोप हा असाच ३५ लाख अक्षरांचा लोप असून तो हजारो पुरुषांमागे एका पुरुषात आढळतो. बहुतांश वेळा बापाचा वाय अखंड असतो आणि लोप मुलात प्रथमच प्रकट होतो. ‘आमच्या घराण्यात असे कोणालाच नव्हते’ हे वाक्य आपण रुग्णाच्या आईकडून नेहमी ऐकतो. ते खरेच असते, पण त्यावरून बीजदोष नाही असे ठरत नाही.

आता कुलांकडे वळू. सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले कुल डीएझेड हे होय. त्याच्या ४ प्रती सी भागात आहेत. मूळ जनुक तिसऱ्या गुणसूत्रावरचे. ते स्त्री-पुरुष दोघांतही असते आणि दोघांच्याही बीजपेशींना लागते. वानरवंशात केव्हातरी त्याची नक्कल वायवर आली आणि तेथे तिची वाढ झाली. या कुलाची प्रथिने बीजपेशींतील संदेशवाहक आरएनएला धरून कोणता संदेश केव्हा वाचला जावा याचे नियमन करतात. दुसरे कुल सीडीवाय. त्याचे पूर्वज सहाव्या गुणसूत्रावर आहे. शुक्राणू पक्व होताना त्याच्या डोक्यातील डीएनए अतिशय घट्ट आवळला जातो; त्या आवळण्याच्या तयारीशी या कुलाचा संबंध आहे. त्याच्या दोन प्रती सी भागात, तर दोन बी भागात. तिसरे आरबीएमवाय. हे बी भागातील महत्त्वाचे कुल, त्याच्या ६ प्रती २००३ च्या नकाशात दिसल्या आणि त्याचे भावंड एक्स गुणसूत्रावर आहे. पेशीकेंद्रात आरएनएची काटछाट करण्याच्या कामात ते असते. म्हणजे तीन कुलांची तीन निरनिराळी माहेरे, आणि सर्वांचा संसार मात्र वायवर.

टीएसपीवाय हे कुल आकाराने सर्वांत मोठे. त्याच्या प्रती लहान भुजेवर एकापाठोपाठ एक अशा माळेसारख्या ओवलेल्या आहेत आणि त्यांची संख्या पुरुषागणिक बदलते. कोणात वीस-पंचवीस तर कोणात साठच्या घरात. बीजपेशींच्या आरंभीच्या विभाजनाशी त्याचा संबंध मानला जातो. २०२३ मध्ये वायचा पहिला खऱ्या अर्थाने अखंड नकाशा प्रसिद्ध झाला. एकूण लांबी ६,२४,६०,०२९ अक्षरे. त्याआधीच्या नकाशातील तीन कोटींहून अधिक अक्षरांच्या रिकाम्या जागा त्यात भरल्या गेल्या. त्या वेळी प्रथिने घडविणाऱ्या ४१ नव्या जनुकप्रतींची भर पडली आणि त्यांतील बहुसंख्य याच टीएसपीवाय कुलातील निघाल्या. उरलेली पाच कुले म्हणजे एचएसएफवाय, बीपीवाय-२, पीआरवाय, व्हीसीवाय आणि एक्सकेआरवाय. त्यांच्या कार्याविषयी वैद्याला उपयोगी पडेल असे आज थोडेच सांगता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ए भागात ही बहुप्रत कुले नाहीतच. तेथे यूएसपी९वाय आणि डीडीएक्स३वाय ही एकेकच प्रत असलेली जनुके आहेत. ती गेली तर मागे राखीव काहीही उरत नाही.

लोपाचे परिणाम भागानुसार भिन्न आहेत, आणि साध्यासाध्यतेचा निर्णय येथेच होतो. ए भागाचा संपूर्ण लोप झाल्यास वृषणनलिकांत बीजपेशीच नसतात. केवळ आधारपेशी उरतात. बी भागाचा संपूर्ण लोप झाल्यास बीजपेशी असतात, पण त्यांचा विकास मध्येच थांबतो. या दोन्ही अवस्थांत शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळपास शून्य मानली जाते आणि अशा शस्त्रक्रियेचा सल्लाही दिला जात नाही. बी आणि सी दोन्हींचा एकत्र लोप असेल तेव्हाही हेच. सी भागाच्या लोपात मात्र चित्र निराळे असते. डीएझेडच्या चारही प्रती गेलेल्या असूनही काही पुरुषांच्या रेतात अत्यल्प का होईना शुक्राणू सापडतात, आणि ज्यांच्या रेतात नाहीत त्यांच्यापैकीही सुमारे निम्म्या जणांत सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या वृषणशस्त्रक्रियेत ते मिळू शकतात. तिसऱ्या गुणसूत्रावरील मूळ जनुक थोडीफार उणीव भरून काढत असावे, असे यावरून वाटते. मिळालेला एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत १९९२ पासून उपलब्ध आहे. तिच्याद्वारे अशा पुरुषाला अपत्य होऊ शकते. मात्र पुत्र झाल्यास त्याच्याकडे पित्याचा तोच खंडित वाय जातो. कन्येकडे तो जात नाही. ‘वंशाचा दिवा’ या कल्पनेला कवटाळून बसलेल्या कुटुंबाला हे सांगणे वैद्याच्या कौशल्याची परीक्षा पाहणारे असते, परंतु उपचारांपूर्वी ते सांगितलेच पाहिजे.

लोपाचा आणखी एक प्रकार अहवालांत दिसू लागला आहे. सी भागाचा अर्धाच, १६ लाख अक्षरांचा लोप. त्यात डीएझेडच्या दोन प्रती जातात, दोन राहतात. यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. जपानमधील डी नावाच्या वाय-वंशशाखेतील पुरुषांत हा अर्धलोप सर्वसामान्य आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या प्रजावंत आहेत. हा एक जोखीम वाढविणारा घटक आहे, निदान नव्हे. कुलाच्या काही प्रती राहिल्या तर काम चालू शकते, हे पुनरुक्तीचे दुसरे फळ.

आपल्या शास्त्रात याला आधार आहे काय, असा प्रश्न येणारच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असा क्रमाने सूक्ष्म होत जाणारा विचार आहे, आणि पुरुषबीजाच्या अशा एकदेशी दुष्टीने अपत्याच्या ठिकाणी वंध्यत्व येते हेही तेथेच सांगितले आहे. दोष मातापित्यांच्या बीजाच्या एका अंशात आणि फळ अपत्याच्या प्रजननसामर्थ्यात, हा कार्यकारणभाव वायच्या लोपाशी जुळतो, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु ‘बीजभागावयव म्हणजेच जनुक’ असे समीकरण मांडून टाळ्या घेण्याची जी पद्धत अलीकडे परिसंवादांत रूढ झाली आहे, ती प्रस्तुत लेखकाला रुचत नाही. आचार्यांनी तत्त्व सांगितले; त्याचा तपशील शोधण्याचे कष्ट इतरांनी केले. दोन्हींचा मान राखावा.

याहून अधिक उपयोगाचे वचन सुश्रुतांच्या चिकित्सास्थानात, वाजीकरणाच्याच अध्यायात आहे. क्लैब्याचे सहा प्रकार सांगून त्यांपैकी सहज आणि मर्मच्छेदजन्य हे दोन असाध्य होत, असा स्पष्ट निर्वाळा आचार्य देतात. वाजीकरणाचे शेकडो योग ठाऊक असणाऱ्या ग्रंथकाराने त्याच अध्यायात ही मर्यादाही घालून दिली आहे. अर्थात क्लैब्य आणि अशुक्राणुता एक नव्हेत. वायचा लोप असलेला पुरुष बहुधा धडधाकट असतो. दाढीमिशा, बल, मैथुनशक्ती सारे यथास्थित असते, कारण लोप शुक्राणू घडविणाऱ्या कुलांचा आहे, पुरुषत्वाच्या जनुकाचा किंवा संप्रेरकाचा नव्हे. येथेच चिकित्सकाची फसगत होण्याचा संभव असतो. वाजीकरण कल्प सुरू केल्यावर रुग्ण सांगतो, ‘वैद्यराज, उत्साह वाढला, भूक सुधारली, झोप चांगली लागते.’ ते खोटे नसते. पण शुक्राणू शून्यच राहतात, आणि उत्साहाच्या आधारावर औषध आणखी सहा महिने चालू राहते.

एक उदाहरण देतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या दांपत्यांपैकी एकाची हकिगत अशी. पती ३६ वर्षांचा, शेती व जोडधंदा करणारा. विवाहाला नऊ वर्षे झालेली. पहिली तीन वर्षे केवळ पत्नीवर उपचार झाले. त्यानंतर एका औषधालयाच्या जाहिरातीवरून पतीने ‘शुक्राणुवर्धक’ पाकिटे सलग चार वर्षे घेतली, त्यासाठी एक म्हैस विकली. या काळात रेतपरीक्षण दोनदा झाले. दोन्ही वेळा शुक्राणू शून्य, आणि दोन्ही वेळा पाकिटांची मात्रा वाढविली गेली. वृषणांचा आकार प्राकृत आणि एफएसएच संप्रेरकही मर्यादेत, म्हणून ‘दोष किरकोळ आहे’ असे त्याला सांगण्यात आले होते. गुणसूत्रांची साधी तपासणीही प्राकृत निघाली. वायच्या सूक्ष्मलोपाची परीक्षा केल्यावर बी भाग पूर्णपणे नाही असे आढळले. बीजपेशींचा विकास मध्येच थांबत असल्याने वृषणाचा आकार आणि एफएसएच अशा रुग्णांत प्राकृत राहू शकतात. त्यांच्या भरवशावर राहणे धोक्याचे. अहवाल समजल्यावर पती बराच वेळ गप्प होता. पत्नीने विचारले, ‘म्हणजे माझ्यात काही नव्हतं ना?’ नऊ वर्षे तिने सासरी काय सोसले असेल ते त्या एका प्रश्नात आले. तिचे वय तेव्हा ३३ होते. दात्याचे बीज किंवा दत्तक या दोन्ही वाटा चोखाळण्यास वेळ उरला होता. आणखी चार वर्षे पाकिटांत गेली असती तर तोही उरला नसता.

अशा प्रसंगात वैद्याने काय करावे? प्रथम अशुक्राणुता खरी आहे की नाही हे पाहावे. एका नमुन्यावर निर्णय नसावा. काही आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने, आणि यंत्रात फिरवून तळाशी बसलेल्या साक्याचीही तपासणी झालेली असावी. शुक्राणूंची एक पिढी घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे नुकताच तीव्र ज्वर येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. रेताचे प्रमाण फार कमी व अम्लधर्मी असेल तर मार्गावरोधाचा विचार करावा. तेथे वृषण बीज घडवीत असते, फक्त वाट बंद असते, आणि वायच्या परीक्षेचे तेथे प्रयोजन नसते. अवरोध नसताना शुक्राणू शून्य असतील, किंवा एका मिलिलिटरमध्ये ५० लाखांहून कमी असतील, तर गुणसूत्रपरीक्षा आणि वायच्या सूक्ष्मलोपाची परीक्षा या दोन्हींचा विचार करावा. प्रत्यक्षात लोप सापडतात ते बहुतेक २० लाखांच्या खालच्या रुग्णांत. हैदराबाद येथील सीसीएमबी या संस्थेतील थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशुक्राणुता असलेल्या भारतीय पुरुषांपैकी आठ टक्क्यांच्या आसपास पुरुषांत असे लोप आढळले होते. याचीच दुसरी बाजू अशी की, दर शंभर अशुक्राणू पुरुषांपैकी नव्वदांहून अधिक जणांत लोप नसतो. तेव्हा प्रत्येकाला असाध्य ठरवून हात झटकणेही योग्य नाही. अल्प शुक्राणुसंख्या, शिरावृद्धी, अतिस्वेद व उष्णतेचा व्यवसाय, मद्य, तंबाखू, मेदोवृद्धी, मधुमेह, चिंता अशी कारणे असलेला जो मोठा वर्ग आहे, तेथे निदानपरिवर्जन, शोधन, अग्निदीपन आणि मग वाजीकरण या आपल्या क्रमाला पूर्ण वाव आहे. माझा आग्रह इतकाच की क्रमात परीक्षा आधी यावी, आणि औषधाला काळाची मर्यादा असावी. तीन महिने, फार तर सहा. मग पुन्हा रेतपरीक्षण. पत्नीचे वय पस्तिशीकडे झुकलेले असेल तर एवढाही अवधी तज्ज्ञांशी समांतर सल्लामसलत केल्याशिवाय घेऊ नये.

औषधालयांच्या मालकांसाठी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण हे त्रैमासिक त्यांच्याही हाती जाते. मैथुनशक्ती वाढविण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपायविषयक कायद्यान्वये निषिद्ध आहे, हे आपण जाणताच. परंतु कायद्याच्या कक्षेबाहेरही एक बाब आहे. ‘शून्यातून शुक्राणू’ अशा अर्थाचा मजकूर माहितीपत्रकावर छापला जातो, तेव्हा ते पत्रक वाचणाऱ्यांत असा एक वर्ग निश्चितपणे असतो, ज्याच्या बाबतीत हा दावा कधीही खरा होणार नाही. हरवलेला डीएनए कोणत्याही पॅथीच्या कोणत्याही औषधाने परत येत नाही. पाकिटावर ‘रेतपरीक्षणात शुक्राणू नसल्यास औषध सुरू करण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा’ एवढी एक ओळ छापल्याने विक्रीत फारसा फरक पडेल असे वाटत नाही. तसेच तात्काळ गुण दिसावा म्हणून कोणी पुरवठादार कल्पात टेस्टोस्टेरॉनसारखे संप्रेरक मिसळत असेल तर त्यापासून सावध राहावे. बाहेरून दिलेले हे संप्रेरक मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश बंद करते आणि असलेली शुक्राणुनिर्मितीही थांबविते. उत्साह वाढतो आणि बीज आटते, असा विपरीत प्रकार त्यातून घडतो.

परीक्षेसंबंधी काही व्यावहारिक सूचना. ही परीक्षा रेताची नसून रक्ताची आहे. उपवासाची आवश्यकता नाही, आणि रक्त जांभळ्या बुचाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत घ्यावे. आयुष्यात एकदाच करावी लागते, औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाही. पीसीआर पद्धतीने वायवरील ठरावीक खुणा आहेत की नाहीत हे पाहिले जाते. ए भागासाठी एसवाय ८४ व ८६, बी साठी १२७ व १३४, सी साठी २५४ व २५५ या सहा खुणा किमान असाव्यात, आणि परीक्षा नीट झाली याची साक्ष म्हणून एसआरवाय व झेडएफवाय या खुणांची नोंद अहवालात असावी. या साक्षीच्या खुणा नसलेला अहवाल स्वीकारू नये. भागातील दोनपैकी एकच खूण गैरहजर दाखविली असेल तर तो लोप नसून प्रयोगशाळेतील चूकही असू शकते. पुन्हा नमुना पाठवावा. सी भागाचा लोप निघाला आणि रेतात थोडे जरी शुक्राणू असतील, तर ते कालांतराने कमी होऊ शकतात हे सांगून गोठवून ठेवण्याविषयी लगेच विचारणा करण्यास सुचवावे. ए किंवा बी निघाला तर अहवाल पती-पत्नी दोघांच्या उपस्थितीत, घरातील इतरांना बाहेर बसवून, सांगावा. ‘क्लीब’ हा शब्द तेथे उच्चारू नये. रुग्णाच्या चिठ्ठीवरही लिहू नये.